पूरक पुस्तकातली आई

“या धड्यातली आई गेली कुठे?” पाठ्यपुस्तक समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

टेबलाभोवतीच्या मंडळींनी आपापल्या समोरची पानं उलटून पाहिली. आई कुठल्याच पानावर नव्हती.

“वारली आहे, सर,” अरबीच्या बाई म्हणाल्या.

“तसं लिहिलेलं नाही.”

“लिहायची गरज नाही, सर. मुलगी म्हणते, ‘आई घरात नाही. तिच्या चपला दाराशी आहेत.’ एवढ्यावर मुलांना कळतं. आमच्या वर्गाला कळलं.”

“मला नाही कळलं,” अध्यक्ष म्हणाले. सूर असा, की चूक धड्याचीच ठरली.

मी मागच्या खुर्चीवर चित्रांची फाइल मांडीवर घेऊन बसले होते. मी चित्रकलेची शिक्षिका. आमच्या शाळेत चित्रकलेचा तास म्हणजे गणिताचा राहिलेला भाग उरकायची हक्काची जागा, तेव्हा अशा बैठकीत मला मत असण्याचा प्रश्नच नव्हता. पण माझी जीभ तिखट आहे हे बाईंना ठाऊक. म्हणून आत शिरतानाच त्यांनी माझा दंड धरून बजावलं होतं, “तुम्ही फक्त चित्रं दाखवायची. बोलायचं नाही हं.” मी मिठाची गुळणी धरून बसले.

अध्यक्षांच्या उजव्या हाताला विद्वान बसले होते. मुलांच्या दप्तरातलं अरबीचं मुख्य पाठ्यपुस्तक त्यांनी लिहिलेलं, त्यामुळे पूरक पुस्तकं तपासायलाही तेच. माणूस गोड बोलणारा. गोड बोलणाऱ्यांची मला फार भीती वाटते.

“बाई, धडा वाईट नाही हो,” ते म्हणाले. “पण पूरक म्हणजे पूरक. मुख्य पुस्तकात आईवर माझा धडा आहेच. आईचे उपकार, आईची माया, सगळं त्यात आलंय. त्याला जोडून काहीतरी आनंदी द्या की! इथे तुम्ही आईच काढून घेतलीत.”

“मी नाही काढून घेतली,” बाई म्हणाल्या.

ते कोणी ऐकलं नाही. अध्यक्षांनी पेन्सिल घेतली, समासात काहीतरी लिहिलं आणि वाचून दाखवलं. “‘माझी आई स्वयंपाकघरात आहे. ती माझी वाट पाहत आहे.’ घ्या. दोन वाक्यांना दोन वाक्यं. अरबी तुम्ही करा. हे मान्य असेल तर एक-दोन दिवसांत कळवा, सही करतो. नसेल तर पुढच्या बैठकीत घेऊ. आता पुढची बैठक कधी होईल, ते मात्र मला विचारू नका.”

विद्वान हसले. त्यांच्या मागोमाग बाकीचेही हसले.

जिन्यात आल्याबरोबर माझ्या तोंडाचा बांध फुटला. “अहो, काय ही अक्कल! आई काय पेन्सिलीने जिवंत होते? उंटावरून शेळ्या हाकतात मेले. वर्गात पाऊल टाकून किती वर्षं झाली असतील यांना? आणि तुम्ही गप्प बसलात? मी असते तर तोंडावर फेकली असती ती पानं!”

“म्हणून तर तुम्हाला बोलू नका म्हटलं,” बाई म्हणाल्या. त्या कठडा धरून हळूहळू उतरत होत्या. तळमजल्यावर आल्यावर थांबल्या. “एका धड्यासाठी बाकीचं सगळं पुस्तक अडकेल हो.”

“अडकू दे!”

“तुमचं काय जातं म्हणायला,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचं खरं होतं.

बाईंबद्दल विचारलंत तर शाळेतलं कोणीही म्हणेल, चांगल्या आहेत, आणि पुढे काय सांगावं म्हणून डोकं खाजवेल. अंगाने किरकोळ, आवाज बेताचा. एकच तपकिरी पिशवी, तिचा बंद तुटला की पुन्हा शिवायची. नवरा परगावी नोकरीला. घरी त्या आणि त्यांच्या सासूबाई. पण अरबीचा निकाल शाळेत सगळ्यात वरचा. त्या निकालावर मुख्याध्यापक बेहद्द खूश असायचे आणि बाईही खूश असायच्या, ते खोटं कशाला सांगू. मुलं व्याकरणाचे तक्ते धडाधड म्हणायची. ‘ज्ञानाचे फायदे’ हा विद्वानांचा धडा तर खिडकीबाहेरून जाणाऱ्यालाही पाठ झाला असेल.

मग एक दिवस त्यांची एक जुनी विद्यार्थिनी शाळेत आली. ती परिचारिका झाली होती. शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारीच बसून तिनं सांगितलं, की तिच्या वॉर्डात एक म्हातारी आणली होती, फक्त अरबी बोलणारी. म्हातारी रडत होती. “आणि बाई, सगळे म्हणाले, हिला अरबीत पहिला नंबर होता, हिला पुढे करा. मी गेले. मला एवढंसुद्धा विचारता आलं नाही, की आजी, दुखतंय कुठे. डोक्यात नुसते ज्ञानाचे फायदे! तिनं माझा हात धरला आणि मी उभी राहिले ठोंब्यासारखी.”

पोरगी हे हसत हसत सांगत होती. बाई हसल्या नाहीत. ती गेल्यावर म्हणाल्या, “पोपट केले मी. आयुष्यभर पोपट केले.” त्या दिवशी त्यांनी डबासुद्धा उघडला नाही.

पूरक पुस्तकांचं खूळ तिथून डोक्यात शिरलं. मी खूळ म्हणायचे, त्या काम म्हणायच्या. त्यांची रीत अशी. धडा त्यांनी लिहायचा नाही. आठवड्यातून एका तासाला पुस्तकं मिटायची आणि मुलांनी आपल्या घरातली एक गोष्ट सांगायची. आपल्या भाषेत. मग एकेका शब्दाला अरबीत काय म्हणतात ते मुलानं मागायचं आणि बाईंनी द्यायचं. वाक्य मुलानं जोडायचं. मोडकंतोडकं चालेल, पण त्याचं हवं. त्या वाक्यावरून धडा व्हायचा, मी चित्र काढायचे, आणि मग तो धडा कच्च्या मुलांच्या वर्गात जायचा. मुलांनी एकमेकांना काही विचारलं तर धडा ठेवायचा. नुसतं म्हणून दाखवलं तर फाडायचा. आणि खरंच फाडायच्या हो! माझी चांगली रंगवलेली चित्रं कचऱ्यात गेली आहेत. मी एकदा भांडलेही. तर म्हणतात कशा, “तुमचं चित्र सुंदर आहे, पण पोरं झोपली.”

टिटवी त्याच कच्च्या वर्गातली. तिला हे नाव पोरांनी ठेवलेलं, कारण ती बोलली की दोन वर्गांपलीकडे ऐकू यायचं. पण आई गेल्यापासून पोरीचा आवाज बसला होता. कोणी काही विचारलं तर मान हलवायची. बाप बसगाड्या दुरुस्त करायच्या कारखान्यात मेकॅनिक. घरात दोघंच.

एका दुपारी मी चित्रकलेच्या खोलीत ब्रश धूत होते. बाई धावत आल्या. बाई धावतात हे मी तोवर पाहिलं नव्हतं. दारातच खाली बसल्या आणि रडायला लागल्या.

“अहो, काय झालं? घरून निरोप आला का?”

“टिटवी बोलली,” त्या म्हणाल्या.

झालं होतं असं. टिटवीनं हात वर केला आणि शब्द मागितले. आई. घर. नाही. दार. चपला. बाईंनी एकेक शब्द दिला आणि टिटवीनं उभी राहून म्हटलं, “उम्मी लैसत फिल बैत. हिजाउहा इंदल बाब.” आई घरात नाही. तिच्या चपला दाराशी आहेत. आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो परीक्षेत कोरा कागद देऊन यायचा, तो आपणहून उठला आणि दोन शब्द बाईंना विचारून म्हणाला, “मन यल्बसुहा?” त्या कोण घालतं? टिटवीनं त्याच्याकडे पाहिलं. बाईंकडे नाही, त्याच्याकडे. आणि म्हणाली, “ला अहद.” कोणी नाही. मग आपल्या भाषेत म्हणाली, “बाबा रोज त्यांना ओलांडून जातात,” आणि खाली बसली.

“आजवर मी इतकं शिकवलं,” बाई डोळे पुसत म्हणाल्या, “पण दोन मुलं माझ्यासमोर अरबीत बोलली ती आज. एकानं विचारलं, दुसरीनं सांगितलं. माझ्याकडे न बघता! कळतंय का तुम्हाला?”

मला अरबी येत नाही. पण बाईंनी ती वाक्यं मला इतक्या वेळा ऐकवली, की माझ्याही तोंडात बसली. चित्र काढायचं तर नुसता अर्थ कळून चालणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मी काढलं. अर्धवट उघडं दार, आतला काळोख, उंबऱ्याशी चपलांची जोडी, टाचा झिजलेल्या. मी आजवर काढलेल्या चित्रांत ते एक चित्र बरं आहे.

तर बैठकीनंतरच्या संध्याकाळी मी बाईंच्या घरी गेले. म्हटलं, लोखंड गरम आहे तोवर घाव घालावा, नाहीतर ही बया होकार कळवून बसायची. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. कानाने कमी, पण नको तेवढं बरोबर ऐकू यायचं.

“काय गं, सुनेचं पुस्तक अडलं म्हणे?” त्यांनी मलाच विचारलं.

मी सगळं सांगितलं, तिखटमीठ लावून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मग बदल की गं ते,” त्या सुनेला म्हणाल्या. “एक धडा गेला तर गेला. बाकीचे तर पोरांच्या हाती पडतील. शेंडी तुटो की पारंबी करून बसशील, तर एकही पडायचा नाही. आणि ती पोर काय, आज आहे उद्या शाळा सोडून जाईल. तुझा हट्ट राहील कपाटात.”

“आई, तो धडा त्या पोरीचा आहे,” बाई म्हणाल्या.

“मग पोरीला विचार. मला कशाला विचारतेस?”

म्हातारीचं बोलणं चुकीचं होतं असं आजही मला म्हणवत नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो.

दुसऱ्या दिवशी बाईंनी टिटवीला चित्रकलेच्या खोलीत बोलावलं. मीही होते. बाई तिच्यासमोर बुटक्या स्टुलावर बसल्या आणि सांगितलं, की मोठ्या लोकांना धडा दुःखी वाटतो, त्यांना वाक्य बदलून हवंय. नवं वाक्य सांगितलं. “तू नको म्हणालीस तर मी नको म्हणेन,” बाई म्हणाल्या. “खरंच म्हणेन.”

मला वाटलं, पोर रडेल. ती विचार करत होती.

“म्हणजे धड्यात आई स्वयंपाकघरात असणार?”

“हो.”

“मग चित्रात आई येईल?”

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, “येईल की.”

“माझी आई काढाल?” टिटवीनं मला विचारलं. आणि मग तिचा तो जुना आवाज सुटला. आईची वेणी जाड होती. काम करताना ती वेणी डाव्या खांद्यावरून पुढे घ्यायची. पुढचा एक दात किंचित तिरका. हसताना त्यावर हात ठेवायची. कपाळावर भाजल्याचा बारका डाग होता, लहानपणचा. घरात फोटो एकच, तोही लग्नातला, त्यात आई ओळखू येत नाही. मी काढत गेले, ती दुरुस्त करत गेली. “नाक एवढं मोठं नाही हो!” “गाल जरा भरा.” शेवटी तिनं कपाळावरच्या डागावर बोट ठेवलं. मग म्हणाली, “हीच.”

“छापून आल्यावर पुस्तक माझ्याजवळ ठेवता येईल ना?” तिनं विचारलं.

“सगळ्यांनाच मिळणार आहे,” बाई म्हणाल्या. त्यांनी त्याच दिवशी मान्यतेचं कळवलं. मलाही वाटलं, चला, काही का असेना, पोरीला आई तरी मिळाली.

पुस्तक छापून यायला उन्हाळा उलटला. गठ्ठे आले तेव्हा बाईंनी स्वतः सुतळी सोडली. पहिलं पुस्तक टिटवीला दिलं. पुस्तक उजवीकडून उघडायचं, हे तिला आता सांगावं लागत नव्हतं. तिनं भरभर पानं उलटली, आपला धडा काढला, आणि थबकली.

“ही कोण, बाई?”

पानावर एक बाई होती. गोल चेहरा, आखूड केस, दात सारखे, हातात पळी. पलीकडे चकचकीत भांडी. विद्वानांच्या मुख्य पुस्तकातल्या धड्यात आहे ना, तीच आई. छापखान्याच्या चित्रकारानं तिथून उचलून इथे आणून ठेवली होती.

मी तशीच उठून फोन लावला. कार्यालयातल्या लेखनिकानं मला थंडपणे वाचून दाखवलं. वेणी पुढे सोडलेली असल्याने स्वयंपाकघरात अस्वच्छता दिसते. कपाळावर डाग असल्याने विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित होईल. दातांबाबतही सूचना. सबब प्रमाणित चित्र वापरावे. मी त्या लेखनिकाला जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. तो बिचारा म्हणाला, “बाई, मी फक्त वाचून दाखवतोय.”

परत आले तर टिटवी गेली होती. बाई गठ्ठ्यांशेजारी बसल्या होत्या.

“काय म्हणाली?”

“काही नाही. पुस्तक दप्तरात घातलं आणि म्हणाली, अक्षरं छान आलीत.”

मी माझं मूळ चित्र परत मागितलं. ते सापडत नाही असं उत्तर आलं. म्हटलं, मग पुन्हा काढते. टिटवीला बोलावून बसवलं. पण पोरीचं मन लागेना. दोन-तीन वेळा काढलं. ती प्रत्येक वेळी म्हणायची, “हो, अशीच होती,” आणि मला कळायचं की अशी नव्हती. मग मीच नाद सोडला.

यापुढे पुस्तकाचं जे झालं त्याला सगळे यश म्हणाले. वरून पत्र आलं, की पूरक पुस्तक उत्तम असून ते आता तोंडी परीक्षेला अनिवार्य करण्यात येत आहे. मुख्याध्यापकांनी पेढे वाटावेत तसं ते पत्र शिक्षकांच्या खोलीत फिरवलं. मी ‘अनिवार्य’ या शब्दावर बोट ठेवून पत्र बाईंपुढे धरलं. त्या म्हणाल्या, “बघू. निदान वाचतील तरी.”

महिन्याभरात बाजारात गाइड आलं. लिहिणारे कोण? आमचे विद्वान! प्रत्येक धड्याखाली संभाव्य प्रश्न आणि त्यांची आदर्श उत्तरं. तुझे घर कसे आहे? उत्तर छापलेलं. तुझ्या भावाला काय आवडते? उत्तर छापलेलं. भाऊ नसलेल्या पोरांनीही ते घोकलं, कारण ‘मला भाऊ नाही’ असं सांगणाऱ्याचे गुण दुसऱ्या शाळेत कापले गेले अशी बातमी आली होती. पालक दप्तरं तपासून विचारायला लागले, गाइड कुठाय. बाईंचा तो पुस्तकं मिटून बोलायचा तास तयारीसाठी काढून घेतला. बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या, तर ते म्हणाले, “अहो, तुमच्याच पुस्तकाची तयारी करून घेतोय ना? मग तुम्हीच कुरकुर करता?”

आपलंच पुस्तक पोरांच्या तोंडून ‘ज्ञानाच्या फायद्यां’सारखं धडाधडा बाहेर पडताना बाई वर्गात उभ्या राहून ऐकत असत. मी एकदा खिडकीतून पाहिलं. त्या चूक सुधारत होत्या. चूक होतीच कुठे फारशी? मला म्हणाल्या, “पूर्वी विद्वानांचे पोपट होते, आता माझे आहेत.”

आणि सगळ्यात चांगलं घोकणारी निघाली टिटवी. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, कारण शब्द तिनं मुळात कानाने घेतले होते. वर्षाच्या शेवटी शाळेत समारंभ ठरला. अरबी बोलणाऱ्या देशातून एक पाहुणे येणार होते, पुस्तकाची कीर्ती ऐकून. अध्यक्ष येणार, विद्वान येणार. संवादासाठी निवड टिटवीची. बाई म्हणाल्या, दुसरं कोणी घ्या. मुख्याध्यापक म्हणाले, “का? तुमचीच विद्यार्थिनी, गरीब घरची. बापालाही बरं वाटेल.”

बाप आला होता. धुतलेला शर्ट, भांग पाडलेला, पण नखांतलं काळं गेलेलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी पाहुण्यांना त्याची ओळख करून दिली होती, आणि तो हात गुडघ्यांखाली दाबून दुसऱ्या रांगेत बसला होता. बाई आणि मी बाजूच्या भिंतीशी उभ्या होतो.

पाहुणे म्हातारे होते, चेहरा प्रेमळ. कागदावरचे दोन-चार प्रश्न त्यांनी विचारले. टिटवीनं उत्तरं अशी दिली की पाहुण्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांना खरोखर आनंद झाला होता. त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. खाली सभागृहात नजर फिरवली, दुसऱ्या रांगेत ताठ बसलेल्या बापाकडे बघून हसले, आणि टिटवीकडे वाकून हळू आवाजात काहीतरी विचारलं. बाईंनी एकदम माझं मनगट धरलं.

“काय विचारलं?” मी कुजबुजले.

“बाबा आलेत, आई कुठाय बाळ, असं.”

गाइड बघून विचारलेला प्रश्न नव्हता तो. म्हाताऱ्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. टिटवी क्षणभर थांबली. बाईंची बोटं माझ्या मनगटात रुतली. मला कळत होतं त्यांच्या मनात काय चाललंय. बोल गं. तुला येतं. तूच तर बोलली होतीस.

टिटवीनं हात बाजूला सरळ ठेवले, मान वर केली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “उम्मी फिल मतबख. हिय तन्तझिरुनी.”

मला अरबी येत नाही, पण हे मलाही कळलं. आई स्वयंपाकघरात आहे. ती माझी वाट पाहत आहे.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाले, बहुतेक आईला नमस्कार सांग असंच असावं. विद्वान अध्यक्षांच्या कानाशी लागून हसत होते. सगळ्यात जोरात टाळ्या बाप वाजवत होता. ते काळ्या नखांचे हात आता गुडघ्यांखाली नव्हते.

समारंभ संपल्यावर तो गर्दीतून वाट काढत बाईंपाशी आला. डोळे भरलेले.

“बाई, काय विचारलं हो त्यांनी शेवटी? माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं ना? काय सांगितलं पोरीनं?”

बाई त्याच्या शर्टाकडे बघत म्हणाल्या, “घरचं विचारलं. घरी कोण आहे, असं.”

“मग?”

“चांगलं सांगितलं तिनं,” बाई म्हणाल्या. “न चुकता सांगितलं.”

“तुमची कृपा, बाई,” तो म्हणाला, आणि पोरीची वाट बघत दाराशी जाऊन उभा राहिला.

मी आयुष्यात पहिल्यांदा कोणी न बजावता गप्प बसले. काय बोलले असते? त्या माणसाला सांगू, की तुझी बायको जिवंत केली म्हणून पोरीला बक्षीस मिळालं?

टिटवी बक्षिसाचं पुडकं छातीशी धरून धावत आली. “बाई! बरोबर आलं ना?”

“बरोबर आलं.”

“कागदावरचं नव्हतं ते. मला वाटलं आता अडकते. पण मग आठवलं, हा आपल्याच धड्यातला प्रश्न.”

बाई खाली वाकल्या. तिच्या केसांची बट कानामागे सारली. “टिटवे, तुझं पहिलं वाक्य होतं ना, तू वर्गात केलेलं. चपलांचं. ते आठवतं?”

टिटवीनं आठवायचा प्रयत्न केला. मनापासून केला, मी पाहत होते. ओठ हलले, ‘उम्मी’ म्हणाली, आणि तिथून तिची गाडी आपोआप स्वयंपाकघराकडे वळली. ती थांबली, ओशाळली.

“नाही आठवत, बाई. ते गाइडमध्ये नाही ना.” मग तिला वाटलं असावं, बाईंना वाईट वाटलं. “हवं असेल तर लिहून द्या. मी उद्या पाठ करून येते.”

“नको,” बाई म्हणाल्या. “जा. बाबा थांबलेत.”

ती गेली. दारात बापानं पुडकं आपल्या हातात घेतलं आणि दोघं पायऱ्या उतरले. शिपाई खुर्च्या एकात एक घालत होता. टेबलावर पूरक पुस्तकाच्या प्रती रचून ठेवल्या होत्या, पाहुण्यांना भेट द्यायला आणलेल्या. बाई त्यांच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. मला वाटलं, रडतील. त्या रडल्या नाहीत. माझ्याकडे वळल्या आणि वर्गात विचारावं तशा स्पष्ट आवाजात म्हणाल्या,

“मन यल्बसुहा?”

त्या कोण घालतं?

मला अरबी येत नाही. पण याचं उत्तर येत होतं, आणि ते येणारं दुसरं कोणी त्या सभागृहात उरलं नव्हतं.

“ला अहद,” मी म्हटलं.

बाईंनी मान हलवली. मग तपकिरी पिशवी खांद्याला लावली आणि आम्ही शिपायाला खुर्च्या उचलू लागलो.